एसीचा गॅस संपत नसतो

मिस्त्रीच्या घरात दुसरा दिवा लावायचा तर आधी पहिला मालवावा लागायचा. तसा कागदावर लिहिलेला काही कायदा नव्हता. मिस्त्रीची नजर हाच कायदा. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की तो दारातूनच विचारायचा, "आत कोण पाहुणा बसलाय? पाणी तरी विचारा त्याला." लेक धावत जाऊन बटण बंद करायची. बायको जागची हलायची नाही. "तुमच्या नजरेनंच बंद होईल तो," म्हणायची.

बावीस वर्षं हा माणूस लोकांच्या घरात गारवा बसवत फिरला. एसी लावायचा, काढायचा, धुवायचा, त्यात गॅस भरायचा. स्वतःच्या घरात मात्र एसी नाही. सायकलला मागे अवजारांची पेटी, हँडलला तांब्याच्या पाइपचं वेटोळं. घरात धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी झाडांना. ज्या काट्यावर तो गॅसची टाकी तोलायचा, त्याच काट्याला आठवड्याच्या कचऱ्याची पिशवी अडकवायचा आणि आकडा खडूनं दारामागे लिहायचा. एखाद्या आठवड्यात आकडा चढला की बायकोची उलटतपासणी. "जड काय होतं एवढं?" "तुमचे जुने बूट," ती म्हणायची, "तुम्हीच आत असायला हवे होतात."

पण त्याचा खरा तोरा गच्चीवर होता. रिकाम्या झालेल्या गॅसच्या टाक्या तो भंगारात द्यायचा नाही. ग्राइंडरनं मधोमध कापायचा, बुडाला भोकं पाडायचा, वरून हिरवा रंग द्यायचा आणि माती भरायचा. एका टाकीच्या दोन कुंड्या. अशा अडतीस कुंड्या झाल्या होत्या. मिरच्या, टोमॅटो, पालेभाज्या. कोणी घरी आलं की आधी गच्ची, मग चहा.

तर अशा या माणसाच्या गल्लीतल्या बत्तीस घरांनी ठरवलं, की आपापल्या घराचा पृथ्वीवर किती बोजा पडतो ते मोजायचं. ठरवलं म्हणजे विज्ञानाच्या निवृत्त बाईंनी ठरवलं, आणि बत्तीस घरांची नाही म्हणायची छाती झाली नाही. वीज, पाणी, स्वयंपाकाचा गॅस, गाडी, कचरा, सगळं एका तक्त्यात भरायचं. बाई त्याचे किलो करून देणार. किलो कशाचे, तर त्यापायी हवेत जाणाऱ्या कार्बनचे. ज्याचे सगळ्यात कमी ते पहिलं घर, आणि रविवारी त्या घरच्या माणसानं उभं राहून बाकीच्यांना शिकवायचं.

मिस्त्रीला शाळेत कोणी उभं केलं असेल तर ते बाकावर. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. आता शिकलेली बाईमाणसं, ऑफिसातले बाबूसाहेब समोर बसणार आणि हा बोलणार! आठ दिवस तो मनातल्या मनात भाषण घोळवत होता. लेकीनं एकदा त्याला आरशासमोर पकडलं. "बाबा, हात एवढे हलवू नका. कुणाला गाडी मागे घ्यायला सांगताय असं वाटतं."

मंगळवारी सकाळी बाई तक्ता तपासायला आल्या. मिस्त्री अंगणात एसीचं एक जुनाट मशीन खोलून बसला होता. कुणीतरी भंगारात काढलेलं, म्हणून याच्याकडे टाकलेलं. बाईंनी पायरीवर बसून चष्मा लावला, बेरीज केली, परत केली.

"मिस्त्री, कमाल आहे. वर्षाची वीज फक्त पाचशे किलो. पुढचं घर तुमच्या तिप्पट आहे."

"अजून कमी झाली असती, बाई. पण लेकीची परीक्षा होती," मिस्त्री म्हणाला आणि ऐटीत पाना फिरवला.

फुस्स झालं. नळीच्या तोंडाशी पांढरट वाफ दिसली आणि विरली.

"हा कसला आवाज?"

"काही नाही, उरलेला गॅस. भंगारवाला भरलेलं मशीन घेत नाही. रिकामं करतोय."

"कशात रिकामं करताय?"

मिस्त्रीला प्रश्नच कळला नाही. "कशात म्हणजे? हवेत."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "किती असेल?"

"असेल किलोभर."

"बंद करा."

"अहो, होतच आलंय."

"आधी बंद करा ते!"

वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तो. मिस्त्रीनं झटक्यात नट आवळला. पण आता आवळून काय उपयोग? आवाज आधीच मंदावला होता. मशीन जवळजवळ रिकामं झालं होतं. बाई पिशवीतली पुस्तिका काढून भराभर पानं उलटत होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं ते उठेचना.

"मिस्त्री, या एक किलो गॅसचा बोजा दोन हजार किलो कार्बनएवढा आहे. गॅसच्या जातीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. म्हणजे तुमच्या घरची चार वर्षांची वीज. आत्ता गेली. मी चहा पीत होते तेवढ्यात."

मिस्त्री हसला. माणूस आधी हसतोच. मग त्यानं बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू जिथल्या तिथे वाळलं. त्यानं अंगणात मान वर करून पाहिलं. वर काही नव्हतं. धूर नाही, वास नाही, रंग नाही. दोरीवर कपडे वाळत होते. चार वर्षं दिवे मालवले, पंखे बंद केले, लेकीला रागावला, ती चार वर्षं त्या कपड्यांवरून निघून गेली आणि एक रुमालसुद्धा हलला नाही.

"मला कुणी सांगितलं का नाही?" तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "बावीस वर्षांत मला एकानंही का नाही सांगितलं?"

हा प्रश्न खरा आहे, आणि तो ज्यांना टोचायचा त्यांना टोचू द्या. ज्या उस्तादाकडे तो शिकला त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नट ढिला कर, तोंड बाजूला कर, सोडून दे. पाइपमधली हवा काढायची? थोडा गॅस सोड. मशीन हलवायचंय? गॅस सोड, तिकडे नवा भर. गॅस विकणाऱ्यांनी टाकीवर बारीक अक्षरात, याला न येणाऱ्या भाषेत, हवेत सोडू नका म्हणून छापलं आणि हात झटकले. झालं त्यांचं कर्तव्य! आणि ज्याच्या हातात पाना, त्याला कोणी काही सांगितलं नाही. तेव्हा एकट्या मिस्त्रीला फासावर चढवायला निघालेल्यांनी जरा थांबावं. पण मिस्त्रीचा दोषच नव्हता असंही कोणी म्हणू नये. त्याचा दोष वेगळा होता, आणि तो त्याला पुरता ठाऊक होता.

बाई उठल्या. जाता जाता हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा, तक्ता घराचा आहे, धंद्याचा रकाना त्यात नाही. नियमानं तुम्हीच पहिले. पुढचं तुम्ही ठरवा."

मिस्त्री गच्चीवर गेला. मागोमाग लेक आली. तो कुंड्यांसमोर उभा होता, पण झाडांकडे बघत नव्हता. बोट पुढे करून मोजत होता.

"अडतीस," लेक म्हणाली. "म्हणजे एकोणीस टाक्या."

"टाकी दहा किलोची."

लेकीनं मोबाइलवर आकडे टाकले आणि पडदा स्वतःकडे वळवला.

"बोल की."

"एकशे नव्वद किलो गॅस. म्हणजे तीन लाख ऐंशी हजार किलो." तिनं आणखी एक भागाकार केला. "बाबा, आपल्या घरची सातशे साठ वर्षांची वीज."

मिस्त्रीनं मान हलवली. "चुकलीस. परत कर."

तिनं परत केलं. सातशे साठ.

"सगळा थोडाच हवेत गेला असेल? मशीनमध्येही आहे ना. लोकांच्या भिंतीवर फिरतोय तो अजून."

"बरं, अर्धा धरू. तीनशे ऐंशी वर्षं."

"पाव धर."

"एकशे नव्वद. बाबा, भाजीवाल्याशी घासाघीस करतोय आपण."

पाव धरूनही त्याच्या खापरपणजोबाच्या जन्माआधीपासून आजपर्यंत या घरात दिवे जळत राहिले असते. आणि या तर फक्त कापलेल्या टाक्या. त्याआधीच्या, दुकानात परत दिलेल्या, त्यांची मोजदादच नव्हती. मिस्त्रीनं एका कुंडीवरचा हिरवा रंग नखानं खरवडला. खाली छापील अक्षरं निघाली. लेकीनं वाकून ती वाचली आणि मराठीत सांगितली. "हवेत सोडू नये."

"इथेही आहे?"

"प्रत्येकीवर असणार, बाबा."

जेवताना त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती ताटात बघत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. आणि मी बावीस वर्षं अंधारात चाचपडत चहा केला."

"रविवारी सांगून टाकतो सगळ्यांना."

आता तिनं मान वर केली. "काय सांगाल?"

"हेच. गॅस सोडला म्हणून."

"एवढंच ऐकून गप्प बसतील लोक? अहो, पुढचा प्रश्न विचारतील. आमच्या मशीनमध्ये तुम्ही दरवर्षी गॅस भरता, तो जातो कुठे? मग काय सांगाल?"

मिस्त्रीनं हातातला घास परत ताटात ठेवला.

हाच तो दोष. एसीचा गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, खर्च होत नाही. अंगात रक्त फिरावं तसा बंद नळीत नुसता फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक आहे आणि तो बाहेर गेलाय, एवढाच त्याचा अर्थ. पण भोक शोधायला अर्धा दिवस लागतो आणि गॅस भरायला वीस मिनिटं. उन्हाळ्यात फोन थांबत नाही, दहा घरी दहा माणसं घामाघूम. मग उस्तादानं शिकवलेलं एक वाक्य होतं, सगळे मिस्त्री तेच म्हणतात, हाही म्हणायचा. "गॅस संपलाय." लोक म्हणायचे, "भरा." पुढच्या वर्षी परत संपायचा.

बायको म्हणाली, "पहिला नंबर गेला तर जाऊ दे. पण ही गल्ली तुम्हाला किल्ली देऊन बाहेर जाते. मिस्त्री घरात आहे, काळजी नाही, असं म्हणतात लोक. ते एका रविवारी घालवून बसाल."

तिचं काही चूक नव्हतं. तेवढी एकच कमाई होती त्याची.

गुरुवारी शिवणवाल्या मावशींचा निरोप आला, कारखाना गार होत नाही. कारखाना म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, सहा शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे, आणि इस्त्रीच्या वाफेनं कोंदलेली हवा. मावशी साठीच्या, तोंडात टाचण्या धरून बोलायच्या. मिस्त्री शिडी लावून चढला, बाहेरच्या मशीनला दाब मोजायचं गेज जोडलं. काटा खाली पडलेला. गेल्या वर्षीसारखा. त्याच्या आदल्या वर्षीसारखा.

"काय झालंय रे त्याला?" मावशींनी खालून विचारलं.

मिस्त्रीनं तोंड उघडलं. दोन दिवस, दोन रात्री ज्या गोष्टीनं त्याच्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता, ती सांगायला याहून बरी वेळ कोणती होती? आणि त्याच्या तोंडातून शब्द आले, "काही नाही मावशी, गॅस संपलाय."

"मग भर की. बाया उकडून निघाल्यात."

त्यानं भरला. वीस मिनिटं. खोली गार झाली, बायांनी वारा घ्यायला धरलेले पदर खाली सोडले, कुणीतरी त्याला पाणी आणून दिलं. तो शिडी खांद्यावर घेऊन बाहेर आला आणि रस्त्यात उभाच राहिला. मंगळवारचा धक्का काहीच नव्हता. मंगळवारी त्याला माहीत नव्हतं. आज माहीत होतं. माहीत असून जीभ आपोआप वळली, चावी दिलेल्या खेळण्यासारखी. स्वतःच्या तोंडाची त्याला भीती वाटली. मागून एक रिक्षावाला ओरडला, "ओ काका, शिडी आडवी धरून ध्यान लावलंय काय?" तेव्हा कुठे तो हलला.

रविवारी गल्लीतल्या एका इमारतीखालच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. बत्तीस घरांतली साठ-सत्तर माणसं. बाईंनी आकडे वाचले, मिस्त्रीचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "मिस्त्री, भाषण आटोपतं घ्या, माइकची वीज जळतेय!" सगळे हसले. बायको दुसऱ्या रांगेत होती. ती हसली नाही.

मिस्त्री उभा राहिला. घोळवलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं होतं.

"माझं घर पहिलं नाही," तो म्हणाला. "शेवटचं आहे. शेवटच्याच्याही खाली, गटारात आहे."

लोक परत हसले. विनय वाटला त्यांना.

मग त्यानं सांगितलं. अंगणातलं मशीन, किलोभर गॅस, चार वर्षांची वीज. गच्चीवरच्या अडतीस कुंड्या, ज्या यांच्यातल्या निम्म्या लोकांनी चहाआधी पाहिल्या होत्या. सातशे साठ हा आकडा त्यानं घासाघीस न करता सांगितला. हसू कधीच थांबलं होतं. बाई मान खाली घालून बसल्या होत्या.

"आणि अजून एक आहे," मिस्त्री म्हणाला. त्यानं माइक घट्ट धरला. "एसीचा गॅस संपत नसतो."

कुणाला काही कळलं नाही.

"संपत नसतोच तो. कमी झाला तर भोक असतं. ते शोधून बुजवायचं असतं. मी शोधलं नाही. वेळ जातो म्हणून शोधलं नाही. वरून भरत गेलो आणि तुम्हाला सांगत गेलो, संपला म्हणून. या गल्लीत ज्यांच्याकडे मी दरवर्षी गॅस भरला, त्या सगळ्यांशी मी खोटं बोललो. तो सगळा वर गेला. तुमच्या घरातून गेला, पण माझ्या हातानं गेला."

लोक एकमेकांकडे बघत नव्हते. जो तो आपल्या भिंतीवरचं मशीन आठवत असावा, आपले उन्हाळे मोजत असावा. एक बाबूसाहेब तोंड उघडं ठेवून माइककडेच बघत राहिले, जणू ते वाक्य माइकनं उच्चारलं होतं.

चौथ्या रांगेतून शिवणवाल्या मावशी उठल्या. आज तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी शब्द बाहेर यायला वेळ लागला.

"माझ्याकडे सहा वर्षं भरतोयस तू."

"हो मावशी."

"अन् परवाचा?"

बायकोनं डोळे मिटून घेतले. परवाचं तिलाही माहीत नव्हतं.

"परवाचाही," मिस्त्री म्हणाला. "परवा मला माहीत होतं. तरी बोललो."

मावशींनी पिशवी उचलली. शिवी आली असती तर त्यानं आनंदानं झेलली असती. पण त्या खुर्च्यांच्या मधून वाट काढत निघून गेल्या. मग एकेक करत माणसं उठली. कोणी त्याच्या पाठीवर थाप मारली नाही. बाईंनी यादी उचलली आणि पहिल्या ओळीवर काट मारली. मिस्त्रीच्या डोळ्यांदेखत मारली, हे त्यांनी बरं केलं.

सोमवारी सकाळी कारखाना उघडायच्या आधी तो शिडी घेऊन दारात उभा होता. मावशींनी कुलूप काढलं. आत ये म्हणाल्या नाहीत, येऊ नको असंही म्हणाल्या नाहीत.

त्यानं मगात साबणाचा फेस केला आणि ब्रशनं सांध्यासांध्याला लावत बसला. बाहेरचं मशीन, दोन्ही नट, पाइप जिथे वळतो ती जागा, भिंतीच्या आतला तुकडा. फेस लावायचा, श्वास रोखून बघायचं, पुसायचं, पुढे सरकायचं. बाया आल्या, शिलाई मशीन सुरू झाली, कोणी त्याला पाणी विचारलं नाही. साडेअकरा वाजता आतल्या नटाजवळ एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. फुगला, फुटला, त्याच जागी दुसरा आला.

मिस्त्रीनं हाक मारली नाही. मावशीच शिलाई थांबवून आल्या आणि शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढल्या.

"कुठे?"

त्यानं बोट दाखवलं. तांब्याच्या नळीच्या तोंडाला केसाएवढी चीर होती. मावशींनी चाळिशी कपाळावरून खाली ओढली. आयुष्यभर सुईच्या नेढ्यात दोरा ओवलेली बाई, तिलाही ती दिसायला वेळ लागला.

"एवढ्याशातून? सहा वर्षं?"

"एवढ्याशातूनच."

त्या बघत राहिल्या. तिसरा बुडबुडा आला आणि फुटला. मावशींनी पटकन त्यावर बोट दाबलं, रक्त थांबवावं तसं, आणि मिस्त्रीकडे बघून ओरडल्या, "अरे, बघत काय बसलायस? बंद कर ना ते!"

त्यानं आधी मशीन चालू करून सगळा गॅस बाहेरच्या भागात ओढून कोंडला, हे करायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मग चिरलेलं तोंड कापलं, नवं तोंड वळवलं, नट आवळला, पंप लावून नळीतली हवा काढली, गॅस परत आत सोडला. फेस लावला. दोघंही बघत राहिली. बुडबुडा नाही.

मिस्त्रीनं शिडी उचलली. दारात मावशी उभ्या होत्या, टाचण्या परत तोंडात.

"यादी केलीयेस का? कोणाकोणाकडे भरलास त्याची?"

"केलीय. फक्त या गल्लीतली अकरा घरं आहेत. बाहेरची आठवतोय."

"जा मग. तुला बोलवायला कोणी येणार नाही, तूच जाऊन दार वाजव." त्यांनी एक टाचणी काढून बाहीत खोचली. "आणि माझ्याशी गोड बोलायला येऊ नकोस. पुढच्या उन्हाळ्यात बघेन मी, संपतो का ते."